जोडीदार डायालिसिसवर आणि आपली नोकरी: वेळापत्रक कसं बसवता?

नवरा किंवा बायको डायालिसिसवर आहे आणि नोकरी सोडणं परवडणारं नाही, अशा सगळ्यांसाठी हा धागा. धीर देणारे पुष्कळ भेटतात. इथे वेळा, मापं, आणि नेमकं कुठे फसतं ते लिहा.

आयटी, पुणे
रजेचा विचार नंतर, आधी वार ठरवा. शनिवारी सुट्टी असेल तर सोम-बुध-शुक्रऐवजी मंगळ-गुरु-शनि मागा. आठवड्यातले कामाचे दोनच दिवस अडकतात. सेंटरमध्ये लगेच जागा नसते, म्हणून पहिल्याच दिवशी नाव लावून ठेवा. मशीन चार तासांचं असलं तरी वजन, बीपी, सुया टोचणं आणि शेवटी रक्त थांबेपर्यंत दाबून धरणं मिळून पाच-साडेपाच तास धरून चाला. सकाळी सातची पाळी मिळाली तर दुपारी दीड-दोनला ऑफिस गाठता येतं. रात्रीची पाळी कागदावर सोयीची दिसते, पण गळून गेलेल्या माणसाला घेऊन अपरात्री रिक्षा शोधणं काही खरं नाही. मधल्या वेळात बाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडता येतो. फक्त शेवटच्या तासात मीटिंग घेऊ नका. बीपी पडणं, पायात गोळे येणं बहुधा तेव्हाच होतं.

एचआर, ठाणे
साहेबांना रोज सकाळी मेसेज टाकून सुट्टी मागू नका. डॉक्टरांकडून डायालिसिसचे वार आणि वेळ लिहिलेलं पत्र घ्या, आणि एकाच अर्जात ‘मंगळ-गुरु उशिरा येईन, बाकीचे तास अमुक वेळी भरून देईन’ असं तीन महिन्यांपुरतं मागा. मुदत घातलेल्या अर्जाला ‘हो’ म्हणायला वरिष्ठांनाही सोपं जातं. महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 किरकोळ रजा आहेत, त्या वर्षअखेर बुडतात. भरपगारी रजा मात्र 45 दिवसांपर्यंत साठते. म्हणून ठरलेल्या कामांना किरकोळ वापरा आणि साठलेली रजा अचानक अ‍ॅडमिट करावं लागलं तर लागेल म्हणून राखून ठेवा. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये जोडीदाराचं नाव आहे ना, हे आजच पाहा. डायालिसिस साधारणपणे ‘डे केअर’मध्ये धरतात, 24 तास भरती लागत नाही. राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. आजारपणासाठी पीएफमधून अ‍ॅडव्हान्स मिळतो, तो जोडीदाराच्या आजारालाही चालतो.

बँक, नाशिक, घरी सीएपीडी (पोटाचं डायालिसिस)
पोटाच्या डायालिसिसने सेंटरच्या फेऱ्या वाचतात, पण काम घरात येतं. नळीतून पोटात सोडायच्या द्रावणाची दोन लिटरची बॅग, दिवसाला तीन किंवा चार वेळा, दर वेळी अर्धा-पाऊण तास. सकाळी निघण्याआधीची आणि रात्रीची आपण करायची, दुपारची पेशंटला स्वतःला शिकवायची. पंखा बंद, खिडकी बंद, दोघांना मास्क, हात साबणाने नीट धुऊन कोरडे. घाईत नेमकं हेच सुटतं आणि पोटात इन्फेक्शन होतं. बॅग गरम पाण्यात बुडवून कोमट करू नका, कोरडा हीटिंग पॅड वापरा. बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं तर बॅग फेकू नका, ती घेऊनच हॉस्पिटलला जा. पाणी नीट उतरत नसेल तर आधी नळी दुमडली आहे का पाहा. पुष्कळदा कारण बद्धकोष्ठ असतं. महिन्याला किमान 90 बॅगा म्हणजे 180 लिटरचा माल. वन बीएचकेत तो दिवाणाखाली मावत नाही. खोके दोन खेपांत मागवा.

शिक्षिका, सातारा
मंगळ-गुरु-शनि घेणाऱ्यांनो, शनिवार ते मंगळवार हा मोठा खंड असतो. रविवारी पाहुणे, आमटी, ताक, आणि अंगात पाणी साठून सोमवारी रात्री दम लागतो. दिवसभरात प्यायच्या पाण्याचं माप बहुधा आदल्या दिवशीची लघवी अधिक 500 मिली असं देतात. तुमचं डॉक्टरांकडून लिहून घ्या. सकाळीच तेवढं पाणी एका बाटलीत भरा. चहा घेतला की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाका, म्हणजे तुम्ही कामावर असतानाही हिशेब डोळ्यांसमोर राहतो. जास्त पोटॅशियम पेशंटला सोसत नाही, ते निघावं म्हणून डब्याची भाजी रात्रीच बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजवा, सकाळी ते पाणी टाकून नव्या पाण्यात उकळा, तेही टाका. बटाट्यालाही हेच. ‘लो सोडियम’ मीठ घरात आणू नका, त्यात पोटॅशियम असतं. नारळपाणी घेऊन येणाऱ्या नातेवाइकांना दारातच सांगा. आणि डायालिसिस सुरू झाल्यावर आधीचं कमी प्रथिनांचं पथ्य तसंच चालू ठेवू नका. आता प्रथिनं वाढवावी लागतात. अंड्याचा पांढरा भाग सोयीचा.

कारखाना, तिन्ही पाळ्या
थोडक्यात लिहितो. पेशंट घरी एकटा असेल तर आतून कडी लावायची नाही, एक किल्ली शेजारी. फिस्चुला (डायालिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशनने जोडलेली हातातली रक्तवाहिनी) असलेल्या हातावर बीपी नाही, सुई नाही, घड्याळ नाही. तिथली थरथर रोज सकाळी बोटांनी पाहायची, लागली नाही तर त्याच दिवशी डॉक्टर. तिथून रक्त सुरू झालं तर स्वच्छ कापडाने नेमक्या जागी दाबून धरायचं, टॉवेल गुंडाळत बसायचं नाही, आणि हॉस्पिटल. हे शेजाऱ्यांनाही एकदा करून दाखवा. रक्तवाढीचं इंजेक्शन फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, दारात किंवा फ्रीझरमध्ये नाही.