अनुभव धागा : सोलापूरच्या पूर्व भागात घर कशावर चालतं?

निवडणूक आली की आमच्या प्रभागात उमेदवार गल्लीबोळातून फिरतात. नळाला किती दिवसांआड पाणी येतं, गटार तुंबलंय का, खांबावरचा दिवा लागतो का, एवढं विचारतात. ते विचारायलाच हवं. पण या घरात पैसा कुठून येतो, कधी येतो आणि कशानं बंद पडतो, हे कोणी विचारत नाही. साखर पेठ, दाजी पेठ, भद्रावती पेठ, अशोक चौक, नीलम नगर, विडी घरकुल या पट्ट्यात एक तारखेला पगार होणारी घरं थोडी. बाकीच्यांची कमाई हजारावर, डझनावर, पीसवर, आठवड्यावर. ‘महिन्याला किती मिळतात?’ याला सरळ उत्तर देता येत नाही, म्हणून सरकारी कागदावर कुठला तरी आकडा पडतो आणि वर्षानुवर्षं तोच चालतो.

म्हणून हा धागा. आपापल्या घरचं लिहा. कारखान्याचं, ब्रँचचं, बँकेचं नाव टाकू नका, काय घडलं ते सांगा. मराठी मोडकी असली तरी चालेल. आपल्याकडं निम्म्या घरांत तेलुगू, कन्नड नाहीतर उर्दू बोलतात, त्यामुळं शुद्धलेखन काढत कोणी बसणार नाही.

विडी घरकुल, शाळेत शिकवते

अम्मा घरी विड्या वळते. तिच्या मांडीवरचं सूप मी जन्मापासून बघतेय. संध्याकाळी पान भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं, पहाटे उठून त्यावर पत्र्याचं माप धरून कात्रीनं कापायचं, शिरा काढायच्या. मग चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोरा, आणि नखानं दाबून तोंड बंद. पंचवीसची एक जुडी, अशा चाळीस जुड्या झाल्या की हजार भरतात. तरुणपणी अम्माचे हजार दुपारच्या चहाआधी व्हायचे. आता दिवेलागण झाली तरी सातशेवर अडकते. मान वर करून पाच मिनिटं बसली की म्हणते, दोन जुड्या गेल्या.

मजुरी हजारावर ठरलेली असते, पण हातात तेवढी पडत नाही. ब्रँचमध्ये, म्हणजे कारखाना जिथं पान देतो आणि विड्या घेतो तिथं, पान तोलून मिळतं. त्यात फाटकं, डागाचं, जाड पान निघालं की हजार भरत नाहीत, आणि कमी पडलेलं पान बाजारातून स्वतःच्या पैशानं आणावं लागतं. त्यानंतर छाट. विडी जरा सैल, जरा आखूड वाटली की तपासणारा बाजूला काढतो. कायद्यानं साधारणपणे शेकडा अडीचच्या वर छाट काढता येत नसे, म्हणजे हजारात एक जुडी. अम्माच्या टोपलीतून मूठ उचलली जायची, ती मोजणार कोण? आणि छाटातल्या विड्या परतही मिळत नसत. वाईट आहेत तर आमच्या आम्हाला द्या, असं अम्मा दर वेळी म्हणायची.

२०१६ च्या एप्रिलमध्ये पाकिटावर ८५ टक्के जागेत धोक्याचं चित्र छापायचा नियम आला तेव्हा कारखाने बंद राहिले. पुढच्या वर्षी विडीवर २८ टक्के जीएसटी लागला. तंबाखूनं माणसं मरतात हे मी वर्गात शिकवते, मनापासून शिकवते. हा धंदा आटत जाणार हेही दिसतंय. पण सोलापुरात हजारो बायका आयुष्यभर हेच एक काम शिकल्यात, त्यांच्या हाताला दुसरं काय द्यायचं, हे घेऊन आमच्या दारात अजून कोणी आलेलं नाही. मागणी घटली की ब्रँच आठवड्यातले मोजकेच दिवस पान देते. बाकीचे दिवस अम्मा रिकामं सूप भिंतीला लावून बसते.

अम्माचं विडी कामगाराचं कार्ड होतं म्हणून पीएफ कापला गेला आणि पेन्शन लागली. या पेन्शनची किमान रक्कम २०१४ पासून महिना १००० रुपये आहे, अम्माला त्याच्याच आसपास मिळते. त्यात औषधंसुद्धा भागत नाहीत, म्हणून ती अजून वळते, आता माझ्या मावशीच्या कार्डावर. ज्यांचं कार्डच नाही त्यांना पीएफही नाही आणि मजुरीही कमी. एक चांगली गोष्टही सांगते. माझं डी.एड. विडी कामगारांच्या मुलांना मिळणाऱ्या सरकारी शिष्यवृत्तीवर झालं. तो फॉर्म भरायला अम्मानं एक दिवसाचे हजार सोडले होते.

नीलम नगर, टॉवेल शिलाई

ताईंनी पानाचं लिहिलं, आमचं धाग्याचं तसंच. टॉवेलचे गठ्ठे घरी येतात, कडा मारून द्यायच्या, डझनावर पैसे. दोरा आमचा, सुई आमची, लाईट आमची. मशिनला मोटर बसवल्यापासून काम वाढलं आणि बिलही वाढलं. एक कड तिरकी गेली की उसवून पुन्हा मारायची, त्याचे वेगळे पैसे नाहीत. शाळेचे गणवेश शिवायचं काम मिळालं तर बरं, पण ते मार्च ते जूनच. जुलैनंतर पुन्हा टॉवेल.

अक्कलकोट रोड, यंत्रमागावर

माझी मराठी पुस्तकी नाही ओ, बोलतो तसं लिहूलालो. दोन माग सांभाळतो, चादरीचे. पीसवर पैसे. माग चालला तर पैसे. बीम (सुताचा मोठा रूळ) संपलं, लाईट गेली, माग दुरुस्त करणारा जॉबर आला नाही, तर माग उभा. उभ्या मागाला पैसा नाही आणि मला घरी पण जाता येत नाही, कारण कधी चालू होईल सांगता येत नाही. बारा तास उभं राहून सहा तासांचे पैसे घेऊन गेलेले दिवस लई आहेत.

आता उचलीचं सांगतो. बहिणीच्या लग्नाला मालकाकडनं उचल घेतली. व्याज नाही, खरं आहे. दर आठवड्याला पगारातनं थोडी कापतात. पण मध्येच नायनाचं, म्हणजे वडिलांचं, पोटाचं ऑपरेशन निघालं, परत उचल घेतली. असं करत करत ती फिटत नाही. दुसऱ्या कारखान्यात दर जास्त मिळूलालाय म्हणून जायचं ठरवलं, तर आधी इथली बाकी टाका म्हणतात. नवा मालक बाकी भरतो, आणि तीच बाकी आता त्याच्या वहीत. मालक बदलला, बाकी तीच.

सोलापुरी चादरीला सरकारी मानांकन आहे, ते बरोबर. पण बाजारात जाऊन बघा. पानिपतची मऊ ब्लँकेटं स्वस्तात मिळतात, लोक तेच घेतात. आपली चादर पाच-पाच वर्षं टिकते, गिऱ्हाईक एवढं थांबत नाही. कारखाने चादर सोडून टॉवेलवर गेले, टॉवेलला माणसं कमी लागतात. माझा पोरगा आयटीआय करूलालाय, वायरमन. मागावर आणणार नाही त्याला.

आठ मागांचा कारखाना, भद्रावती पेठ

वरचं सगळं वाचलं. खोटं काही नाही, पण माझी बाजू मांडतो. सूत मी रोखीनं नाहीतर आठवड्याच्या बोलीवर उचलतो. माल जातो तीन-तीन महिन्यांच्या उधारीवर. सुताचा भाव चढला तरी पेठेतला व्यापारी टॉवेलचा भाव वाढवून देत नाही. मधल्या फरकाला मी सोनं गहाण ठेवतो. माझे वडीलही मागावरच उभे राहायचे, मीही राहिलोय, सकाळची पाळी आजही एका मागावर मीच चालवतो.

उचल मी हौसेनं देत नाही. बँक त्याला दारात उभं करत नाही, म्हणून लग्नाला, दवाखान्याला, फीला तो माझ्याकडं येतो. पीएफ लावायला हवा हे मला मान्य आहे. पण मी एकट्यानं लावला तर न लावणाऱ्या शेजाऱ्यापेक्षा माझा टॉवेल महाग पडतो आणि माझे माग थांबतात. सगळ्यांना एकाच दिवशी लावा, मी पहिला भरेन.

(धागा काढणारा)

कारखानदार मोकळेपणानं लिहिते झाले, त्यांचे आभार. ‘एकाच दिवशी’ हा मुद्दा अगदी योग्य आहे. पण उचल बिनव्याजी असली तरी फुकट नसते. देणेकरी माणूस मजुरी वाढवून मागू शकत नाही. उचलीचं खरं व्याज मला तिथं दिसतं. बँक त्याला का उभं करत नाही, यावर कोणी लिहिलं तर बरं होईल.

मुरारजी पेठ, गिरणी कामगाराचा मुलगा

आजोबा आणि वडील दोघंही गिरणीत. १८७७ ला सुरू झालेल्या जुन्या मिलपासून या गावाला ‘कायम’ नोकरीची सवय लागली. भोंगा झाला की पाळी, महिना भरला की पगार, आजारी पडलं की ईएसआयचा दवाखाना. वडिलांची गिरणी नव्वदच्या दशकात बंद पडली. त्यांची देणी कित्येक वर्षांनी आणि तुटपुंजी मिळाली. त्यानंतर त्यांनी वॉचमनची नोकरी धरली, आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकायला सुरुवात केली. आज ती चार बायकांना काम देते. गड्ड्याच्या यात्रेत, जानेवारीत, तिची सगळ्यात जास्त विक्री होते. घर आईनं उभं केलं, पण लग्नपत्रिकेत वडिलांच्या नावापुढं ‘मिल कामगार’ हेच छापलं गेलं.

लिमयेवाडी, जुळे सोलापुरात चार घरची कामं

पाण्याचा दिवस हा आमचा बिनपगारी दिवस. चार-पाच दिवसांनी पाणी येतं, कधी पहाटे, कधी रात्री. त्या वेळी घरात बाई नसेल तर पुढचे चार दिवस पाणी नाही. मग कामाला दांडी, आणि मॅडम पैसे कापतात. त्यांच्याकडं मोटर आहे, टाकी आहे, त्यांना ते कळत नाही. लाडक्या बहिणीचे १५०० येतात, ते सरळ बचत गटाच्या कर्जाच्या हप्त्यात जातात. आमच्या गल्लीत एका बाईवर तीन-तीन फायनान्सचे हप्ते आहेत. एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याचं कर्ज.

पुणे, मूळ घर जोडबसवण्णा चौक

माझ्या वर्गातली निम्मी मुलं पुण्यात आहेत. हुतात्मा एक्स्प्रेसनं आलो, चाकणला कंत्राटदाराच्या हाताखाली लागलो. दर काही महिन्यांनी ‘ब्रेक’ देतात आणि पुन्हा घेतात, म्हणजे कायम करावं लागत नाही. खोलीत सहा जण. महिन्याला घरी पाठवतो त्यावर घरचं भाडं आणि किराणा चालतो. माझं मत अजून सोलापुरात आहे. मतदानाला सुट्टी मिळाली तरी जाण्या-येण्याचं भाडं आणि दुसऱ्या दिवशीचा खाडा धरून विचार करावा लागतो. यादीत आमच्या वयाची पोरं भरपूर दिसतात, ती राहतात मात्र हडपसरला, भोसरीला, चाकणला. आमच्यासाठी प्रभागात काय करणार, असं कोणी विचारणार तरी कोणाला?

अशोक चौकाजवळ, ई-सेवा केंद्र चालवतो

बँकेचा मुद्दा आलाय म्हणून लिहितो. माझ्या टेबलावर एकच कुटुंब तीन वेगवेगळी उत्पन्नं घेऊन येतं.

रेशनला प्राधान्य कुटुंबात नाव हवं असेल तर शहरात वर्षाची मर्यादा ५९,००० रुपये. म्हणजे महिन्याला पाच हजारांच्या आत, दिवसाला साधारण १६० रुपये, आणि ते एका माणसाचे नाहीत, अख्ख्या कुटुंबाचे. आज सोलापुरात पाच माणसांचं घर त्यावर चालूच शकत नाही. नवरा मागावर, बायको विडीवर, एवढ्यानंच ती मर्यादा ओलांडली जाते. पण माणशी पाच किलो धान्य गेलं तर घर कोसळतं. म्हणून दाखल्यावर उत्पन्न त्या मर्यादेच्या आत बसवलं जातं.

लाडक्या बहिणीला मर्यादा अडीच लाख, तिथं अडचण येत नाही. खरी अडचण घरकुलाच्या कर्जाला. बँक म्हणते उत्पन्न दाखवा. पीसवर काम करणाऱ्याकडं पगाराची पावती नाही. दाखला आहे, पण त्यावर वर्षाला पंचावन्न हजार. बँकेचा साहेब म्हणतो, एवढ्यात हप्ता कसा फेडणार? त्याचंही चूक नाही. मग माणूस फायनान्सवाल्याकडं जातो, तो दाखला मागत नाही, व्याज मागतो.

मागच्या महिन्यात एक विडी कामगार आजी रेशनच्या ई-केवायसीला आल्या होत्या. अंगठा लागेना. पानावर बोटं घासून रेषाच राहिल्या नाहीत. दहाही बोटं लावून पाहिली. शेवटी डोळ्याच्या मशिनवर झालं, ते दुसऱ्या केंद्रावर होतं, रिक्षाचं भाडं त्यांचं. ज्या हातांच्या कामाचा पुरावा कागदावर कुठंच मिळत नाही, त्या हातांवर तो एवढा स्पष्ट दिसत होता. ५९,००० ची मर्यादा बदला, एवढी एकच मागणी सगळ्या उमेदवारांपुढं ठेवली तरी पूर्व भागातल्या हजारो घरांना खरा आकडा सांगता येईल. ही मर्यादा राज्याची आहे, नगरसेवकाच्या हातात नाही, हे मला माहीत आहे. आमदाराला तर विचारता येतं.

रे नगर, कुंभारी

आम्ही पूर्वी शास्त्री नगरला भाड्यानं राहत होतो. २०२४ च्या जानेवारीत इथली पहिली पंधरा हजार घरं वाटली, त्यात आमचं घर लागलं. दार बंद केलं की आपलं घर. पावसात भांडी मांडावी लागत नाहीत. घरमालक येऊन बोलत नाही. यासाठी आम्ही वर्षानुवर्षं मोर्चे काढलेत, त्यामुळं घराबद्दल तक्रार नाही.

पण काम शहरात राहिलं. जाण्या-येण्यात रोजचे पैसे जातात आणि दोन तास जातात, त्यात टॉवेलच्या दोन डझन कडा झाल्या असत्या. मुलीला कॉलेजला पाठवायचं तर तिचंही भाडं. शेजारची बाई तर भाड्याचे पैसे परवडत नाहीत म्हणून काम सोडून घरी बसली.

वरती नीलम नगरच्या ताईंनी शिलाईचं लिहिलंय, आठ मागांचे मालकही इथं आहेत, म्हणून विचारते. आमच्या एका गल्लीत सहा मशिनी आहेत आणि बायका शिवणाऱ्या आहेत. गठ्ठे इकडं पोच करून परत नेणारा कोणी आहे का? टेम्पोचं भाडं आम्ही सगळ्या मिळून निम्मं देऊ. डझनाचा दर आधी सांगावा, आणि हिशेब दर शनिवारी.