अमेरिकेतल्या काउंटी जेलची ताजी अटक-नोंद इंदूरहून कशी शोधायची?

सुदामानगरकर
नात्यातला एक मुलगा (वय २३, स्टुडंट व्हिसा) टेक्सासात फ्रिस्कोला राहतो. काल रात्रीपासून फोन बंद आहे. आज सकाळी त्याच्या घरी फोन आला की पोरगा पोलिसांत आहे, 'बेल'चे अडीच हजार डॉलर आत्ता पाठवा, नाहीतर सोमवारपर्यंत आतच. बोलणारा चांगलं हिंदी बोलत होता, वकिलाचा असिस्टंट आहे म्हणाला. खरं-खोटं इथे बसून कसं तपासायचं? गूगलवर शोधलं तर दहा साइट निघतात आणि सगळ्या कार्डाचा नंबर मागतात. डॅलस काउंटीच्या (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) यादीत नाव टाकलं, काही येत नाही. म्हणजे अटक झालीच नाही असं समजायचं का?

जुनी_इंदूर_कट्टा
नाही, तसं समजू नका. तुम्ही चुकीच्या काउंटीत शोधताय.

फ्रिस्को डॅलसच्या शेजारी आहे, पण डॅलस काउंटीत नाही. हे शहर कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंट्यांत विभागलेलं आहे. कॉलिनचं मुख्य ठाणं मॅकिनी, डेंटनचं डेंटन. मुलगा कुठे राहतो यावर काही ठरत नाही, कुठल्या जागी पकडला यावर ठरतं. रस्त्याच्या अलीकडे गाडी थांबवली तर एक काउंटी, पलीकडे थांबवली तर दुसरी. म्हणून दोन्ही बघायच्या, आणि तो रात्री डॅलसमध्ये गेला असेल तर डॅलसही पुन्हा बघायची.

तिथला काउंटी जेल शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, ताब्यात असतो, म्हणून यादी शेरीफच्या किंवा काउंटीच्या साइटवर मिळते. 'इनमेट सर्च', 'जेल रोस्टर', 'जेल रेकॉर्ड्स' अशी नावं असतात. टेक्सासात बऱ्याच ठिकाणी 'ज्युडिशियल रेकॉर्ड सर्च'च्या आत जेलचा वेगळा दुवा असतो. हे सगळं फुकट आहे. कार्ड मागितलं की ती साइट खाजगी, लगेच बंद करा. त्यांच्याकडे जुनी, उचललेली माहिती असते, आणि 'एक डॉलर' म्हणून घेतलेलं कार्ड दर महिन्याला कापत राहतात. गूगलमध्ये वरची 'प्रायोजित' लिहिलेली उत्तरं सोडून द्या. सरकारी पत्ता बहुतेक वेळा 'डॉट गव्ह'नं संपतो.

इथून साइट उघडताना 'ॲक्सेस डिनाइड' आलं तर घाबरू नका. बऱ्याच काउंट्या परदेशातून येणारी भेट अडवतात. तिकडच्या मित्राला, रूममेटला शोधायला सांगा आणि स्क्रीनशॉट मागवा. सगळ्या पानाचा हवा, वरचा पत्ता दिसेल असा.

लोकमान्यनगर_ताई
आता नाव. मराठी माणसाचं नाव तिकडे हमखास फसतं.

पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये मुलाचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. जेलचा कारकून ते दोन्ही पहिल्या रकान्यात घालतो, किंवा वडिलांचं नाव मधल्या रकान्यात ढकलतो. म्हणून फक्त आडनाव आणि पहिल्या नावाचं पहिलं अक्षर टाका. पूर्ण नाव टाकाल तर एका अक्षराच्या फरकानं उत्तर शून्य येतं. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असेल तर आणखी गंमत: सगळं नाव आडनावात जातं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' लागतं, म्हणजे 'फर्स्ट नेम अननोन'. तेव्हा मुलाचं पहिलं नाव आडनावाच्या रकान्यात टाकूनही एकदा बघा.

काही साइटवर 'साउंडेक्स' किंवा 'साउंड्स लाइक' असा चौकोन असतो, तो टिकमार्क करा. साउंडेक्स उच्चार जुळवतं, पण पहिलं अक्षर मात्र जसंच्या तसं ठेवतं. म्हणजे वाघमारे 'डब्ल्यू'नं लिहिलं असेल आणि तुम्ही 'व्ही'नं शोधलंत तर ते जुळणार नाही. दोन्ही करून बघा. वैद्य, वझे, विद्वांस यांचीही तीच गत.

जन्मतारीख महिना-दिवस-वर्ष या क्रमानं टाकायची. ७ मार्च म्हणजे ०३/०७, उलटं टाकलंत तर ३ जुलै होतं. यादीतली 'बुकिंग डेट' (जेलात नोंद झाल्याची तारीख) तशीच वाचायची, आणि ती तिथल्या वेळेप्रमाणे असते. टेक्सास आपल्या उन्हाळ्यात साडेदहा तास मागे, हिवाळ्यात साडेअकरा. इंदुरात पोहे-जलेबीची वेळ म्हणजे तिथे आदल्या दिवसाची रात्र.

एमजी_रोड_वकील
नाव न दिसण्याची कारणं, मी ज्या क्रमानं तपासायला सांगेन त्या क्रमानं.

पहिलं म्हणजे वेळ. पकडणं आणि 'बुकिंग' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोटो, बोटांचे ठसे, सामानाची यादी, तब्येतीची विचारपूस आणि मग यादीत नाव, यात सहज काही तास जातात. शनिवारी रात्री गर्दी असते, आणखी लागतात. दारू पिऊन गाडी चालवल्याचा मामला असेल तर आधी उतरू देतात.

दुसरं, शहराचं स्वतःचं लॉकअप. मोठ्या शहरांत पोलीस आधी तिथे ठेवतात आणि नंतर काउंटीकडे पाठवतात. त्या मधल्या वेळात काउंटीच्या यादीत नाव नसतं. फ्रिस्को पोलिसांचा 'नॉन-इमर्जन्सी' नंबर त्यांच्या साइटवरून घ्या आणि फोन करा. ९११ इथून लागत नाही. सरळ इंग्रजीत विचारायचं: हा माणूस तुमच्या ताब्यात आहे का, बुकिंग नंबर काय, कोणत्या काउंटीला पाठवणार, बाँड (जामिनाची रक्कम) किती, कुणाचा 'होल्ड' (दुसऱ्या खात्यानं सोडू नका म्हणून सांगितलेलं) आहे का. नाव, स्पेलिंग आणि जन्मतारीख हाताशी ठेवा. अटकेची एवढी मूळ माहिती टेक्सासात सार्वजनिक असते. ताब्यात नसेल तर त्याच फोनवर 'वेलफेअर चेक' मागा. पोलीस घरी जाऊन मुलगा बरा आहे का ते बघतात. फोन बंद असण्याचं कारण अटकच असेल असं नाही, म्हणून हे टाळू नका.

तिसरं, तो सुटलेला असणं. बऱ्याच याद्यांत फक्त आत्ता आत असलेले दिसतात. बाहेर पडला की नाव गेलं. मग काउंटीच्या कोर्ट रेकॉर्डात शोधायचं, पण तिथे केस दाखल व्हायला दिवस नाही, आठवडे लागू शकतात. लेखी अर्ज करून बुकिंगची माहिती मागता येते, पण ताज्या घटनेला त्याचा उपयोग नाही. राज्याचा गुन्हे-इतिहास शोधही असाच, त्यात कालची अटक सापडणार नाही.

चौथं, मामला काउंटीचा नसून फेडरल किंवा इमिग्रेशनचा असणं. इमिग्रेशनवाल्या 'आइस'चा स्वतंत्र 'डिटेनी लोकेटर' आहे. तिथे दोन रस्ते: 'ए-नंबर' (इमिग्रेशन खात्यानं परदेशी माणसाला दिलेला नंबर) आणि जन्माचा देश, नाहीतर नाव आणि जन्माचा देश. नावानं शोधताना स्पेलिंग तंतोतंत जुळावं लागतं. विद्यार्थ्याकडे ए-नंबर बहुधा नसतो. ओपीटीचं (शिक्षणाला जोडून काम करायच्या परवानगीचं) कार्ड मिळालेलं असेल तर त्यावर 'यूएससीआयएस' समोर ९ आकडे असतात, तोच नंबर. आठच आकडे असतील तर पुढे शून्य लावा.

रेसिडेन्सी_भिया
टेक्सासमध्ये १७ वर्षांचा पोरगाही फौजदारीत मोठा धरतात, तेव्हा २३ वर्षांचा बालगुन्हेगार म्हणून लपवला असेल अशी शंका नको.

बाकी राज्यांसाठी एक टीप, इतर वाचणाऱ्यांच्या कामाची: कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड, डेलावेअर, व्हरमाँट, अलास्का आणि हवाई इथे काउंटी जेलच नाहीत, सगळं राज्याच्या एकाच खात्याकडे. तिथे शेरीफ शोधत बसू नका. लुइझियानात काउंटीला 'पॅरिश' म्हणतात.

'व्हाइनलिंक' नावाची फुकट सेवाही आहे. बऱ्याच राज्यांत त्यात नाव टाकून कैदी कुठल्या जेलात आहे ते दिसतं, आणि तो सुटला की कळवायची नोंदही करता येते. दुसरा आधार म्हणून ठीक, पण ताजेपणात काउंटीचीच यादी पुढे.

सुदामानगरकर
सगळ्यांचे आभार. डेंटनच्या यादीत सापडला! आडनाव 'डब्ल्यू'नं होतं आणि आम्ही 'व्ही'नं शोधत होतो. नोंद अशी: गुन्ह्यापुढे 'एम बी', बाँड १५०० डॉलर, शेवटच्या रकान्यात काही नाही. फोनवाला २५०० म्हणत होता. आता?

एमजी_रोड_वकील
'एम बी' म्हणजे मिसडिमीनर (हलका गुन्हा) क्लास बी. टेक्सासात त्याला जास्तीत जास्त १८० दिवस काउंटी जेल आणि २००० डॉलर दंड. पहिल्यांदा दारू पिऊन गाडी चालवली तर साधारण हाच वर्ग लागतो. 'एम ए' एक पायरी वर, त्यात एक वर्षापर्यंत. 'एफ'नं सुरू होणारे फेलनी, ते जड. 'एफ ३' पेक्षा 'एफ १' गंभीर, आकडा जितका लहान तितका गुन्हा मोठा. शेवटचा रकाना 'होल्ड'चा असेल तर तो रिकामा असणं चांगलं. तिथे 'आइस' किंवा 'डिटेनर' लिहिलेलं असतं तर बाँड भरूनही लगेच बाहेर येता आलं नसतं. इमिग्रेशनवाले जेलला ४८ तासांपर्यंत थांबवून ठेवायला सांगतात.

टेक्सासात अटकेपासून ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे नेणं बंधनकारक आहे. यादीत रक्कम आली म्हणजे बाँड ठरला.

रक्कम जुळत नाही, तेव्हा त्या फोनला काही देऊ नका. नाव कळलं म्हणून तो माणूस खरा होत नाही, बुकिंगची यादी सगळ्यांनाच दिसते आणि त्यावरूनच असे फोन केले जातात. स्क्रीनवर शेरीफचा नंबर आला तरी विश्वास नको, तो बनावट दाखवता येतो. यूपीआय, गिफ्ट कार्ड, क्रिप्टो यांनी कुठलाही काउंटी जेल बाँड घेत नाही. 'घरात कुणाला सांगू नका, कोर्टाचा आदेश आहे' असं म्हणाला तर फोन ठेवा. इथून पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा.

जुनी_इंदूर_कट्टा
बाँड भरायचे दोन मार्ग. 'कॅश बाँड'मध्ये पूर्ण १५०० जेलला भरायचे. तारखांना हजर राहिलं की केस संपल्यावर, फी कापून, परत मिळतात. 'शुअरिटी बाँड'मध्ये बेल एजंटला साधारण १० टक्के, म्हणजे दीडशेच्या आसपास द्यायचे. ते परत येत नाहीत, आणि एजंट वर एक जामीनदार मागतो. परवाना असलेल्या एजंटांची यादी काउंटीकडे मिळते, तिथूनच निवडा.

कॅश भरायला तिथल्या माणसालाच काउंटरवर पाठवा. जाण्याआधी फोन करून कॅशियर्स चेक चालतो की मनी ऑर्डर ते विचारून घ्यावं. पावती ज्याच्या नावावर, परतावा त्याच्याच नावावर निघतो. रूममेटच्या नावावर फाडलीत आणि तो वर्षभरानं दुसऱ्या राज्यात गेला, की मग चेक कुठल्या पत्त्यावर जातोय ते शोधत बसावं लागतं. पावतीचा फोटो आजच मागवून ठेवा.

लोकमान्यनगर_ताई
आणि मुलाचा आतून फोन आला तर 'कसा आहेस, जेवलास का, वकील बघतोय' एवढंच बोला. ते फोन रेकॉर्ड होतात. रात्री काय झालं हे विचारू नका, त्यालाही सांगू देऊ नका, मराठीत तर मुळीच नाही. मराठीचं भाषांतर होतंच, आणि ते नीट होईलच असं नाही.

वकिलातीला आपोआप कळत नाही. अमेरिकेच्या सक्तीनं कळवायच्या देशांच्या यादीत आपण नाही, म्हणून पोलीस फक्त विचारतात आणि मुलानं 'हो' म्हटलं तरच कळवतात. टेक्सासचं काम ह्यूस्टनच्या कॉन्सुलेटकडे आहे. घरच्यांनी त्यांना बुकिंग नंबर, पासपोर्ट नंबर आणि जन्मतारीख घालून ईमेल करावा. परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवरही नोंद करता येते.

वकील फौजदारी आणि इमिग्रेशन दोन्ही बघणारा हवा, किंवा दोन वेगळे घ्या. दारू-ड्रायव्हिंगच्या नुसत्या अटकेवरही व्हिसा रद्द होऊ शकतो, शिक्षा व्हायची वाट बघत नाहीत. आधीच अमेरिकेत असलेल्याला लगेच देश सोडावा लागतो असं नाही, पण सुट्टीत इंदूरला आला तर परत जायला नवा व्हिसा लागेल. दिवाळीचं तिकीट काढलेलं असेल तर वकिलाला आधी विचारा.

सुदामानगरकर
तिकीट काढलेलंच आहे. विचारतो. रूममेट कॅशियर्स चेक घेऊन निघालाय, पावती मुलाच्या मावसभावाच्या नावावर, तो ऑस्टिनला पक्का आहे.

रेसिडेन्सी_भिया
मावसभावाला सोबत न्या, नुसतं नाव सांगून चालत नाही. पैसे भरणाऱ्याचं ओळखपत्र काउंटरवर बघतात.