सरकारी इमारतींना ऊर्जाबचतीचं अनुदान: यंत्र बसवल्यावर द्यावं की बचत दिसल्यावर?

दीपस्तंभ

सरकारी शाळा, रुग्णालयं, न्यायालयं, कचेऱ्या यांना ऊर्जाबचतीसाठी जे अनुदान मिळतं, ते बहुतेक देशांत एकाच रीतीनं वाटलं जातं. जुने दिवे काढून एलईडी लावा, जुना चिलर (वातानुकूलनासाठी पाणी गार करणारं यंत्र) काढून नवा बसवा, बॉयलरच्या जागी हीट पंप (बाहेरची उष्णता आत आणणारं विजेवरचं यंत्र) आणा, मग देयकं आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला जोडून खर्चाचा ठरलेला वाटा परत घ्या. पैसे मिळतात ते वस्तू बसवल्याचे. वीज प्रत्यक्षात किती कमी लागली याचा कागद त्या फाइलमध्ये सहसा नसतोच. असतो तो काम सुरू होण्याआधी केलेला अंदाज.

माझा प्रस्ताव असा: अनुदानाचा मोठा हिस्सा, निदान ४० टक्के, मीटरवर बचत दिसल्यावरच द्यावा, आणि तोही तीन वर्षांत विभागून.

यंत्र कार्यक्षम असणं आणि इमारत कार्यक्षमपणे चालणं यांत फार अंतर आहे. पंख्याचा किंवा पंपाचा वेग २० टक्क्यांनी उतरवला तर त्याला लागणारी वीज जवळजवळ निम्म्यावर येते, कारण शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणून तर व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर, सवलत देणाऱ्या योजना इतक्या निघाल्या. पण तोच व्हीएफडी कुणी 'मॅन्युअल'वर टाकून कायम पूर्ण वेगात ठेवला, तर बचत शून्य. अनुदान मात्र केव्हाच जमा झालेलं असतं.

टेक्सास राज्यानं १९८८ मध्ये सार्वजनिक इमारतींसाठी 'लोनस्टार' नावाचा फिरता कर्जनिधी सुरू केला. तेल कंपन्यांनी ग्राहकांकडून जादा वसूल केलेली रक्कम परत आली होती, त्यातले सुमारे ९.८ कोटी डॉलर या कामी लावले. संस्थेनं कर्ज घ्यायचं, बचतीतून फेडायचं, आणि फेडलेला पैसा पुढच्या इमारतीला जायचा. मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती मोजणी. इमारतींवर मीटर बसवले गेले आणि आकडे टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासले गेले. ते तपासताना अभियंत्यांना दिसलं की नवं काहीही न घेता, केवळ वेळापत्रकं, हवेचं प्रमाण, पाण्याचं तापमान नीट लावूनही मोठी बचत होते. 'कंटिन्युअस कमिशनिंग' ही पद्धत त्यातूनच उभी राहिली. नुसती देयकं तपासून पैसे वाटले असते तर हे कुणाला दिसलं असतं?

खडूफळा

दीपस्तंभ, तुमच्या नियमाचा पहिला फटका बसेल तो सगळ्यांत गरीब संस्थांना.

ज्या शाळेच्या वर्गांत निम्मे दिवे बंद पडलेले आहेत, मुलं अंधुक उजेडात वाचतात, तिथं चांगले दिवे लावले की विजेचा वापर वाढू शकतो. वायुवीजनाचे पंखे अनेक वर्षं बंद असतील आणि दुरुस्तीत ते सुरू झाले, तर मीटर पुढेच पळणार. तुमच्या हिशेबात ती शाळा नापास. आणि जिथं रिकाम्या दालनांत रात्रभर वातानुकूलन चालू असतं, त्या कार्यालयानं नुसती ती चूक थांबवली तरी ४० टक्क्यांचा पूर्ण हप्ता त्याच्या पदरात. म्हणजे काल ज्यानं जास्त उधळलं त्याला आज जास्त बक्षीस.

दुसरं, शाळेची इमारत दिवसाचे थोडे तास वापरात असते आणि सुट्ट्यांत बंद. तोच दिवा रुग्णालयात चोवीस तास जळतो. त्यामुळे तीच सुधारणा रुग्णालयात दोन-तीन वर्षांत वसूल होते आणि शाळेत होता होत नाही. बचतीच्या मापानं पैसे वाटले तर शाळा कायम रांगेच्या शेवटी राहणार.

आणि ४० टक्के नंतर मिळणार, तर तोवर ते पैसे कुणी घालायचे? आमच्यासारख्या संस्थांकडे राखीव निधी नसतो. अर्धं अनुदान आधी मिळालं तरी उरलेलं उभं करता येत नाही म्हणून अर्जच न करणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. तुमची अट आली तर आणखी शाळा गळतील.

खतावणी

अनेक वर्षं सार्वजनिक संस्थेच्या लेखा विभागात काढली आहेत. अनुदान आधी की नंतर, यावर तुम्ही दोघं भांडताय, पण मूळ अडचण दोघांच्याही हाताबाहेरची आहे.

विजेच्या बिलाची तरतूद एका लेखाशीर्षात असते आणि यंत्रसामग्रीची दुसऱ्या. पहिल्यात वाचलेला पैसा दुसऱ्यात वळवता येत नाही. वर्षअखेरीस तो व्यपगत होतो, म्हणजे न वापरल्यामुळे हातचा जातो. पुढच्या वर्षीचा अर्थसंकल्प मागच्या खर्चावर बेतलेला असतो, म्हणजे यंदा बचत केली तर पुढच्या वर्षी तेवढी तरतूद कापली जाते. काही ठिकाणी तर इमारत एका खात्याची, देखभाल दुसऱ्याची आणि बिल भरणारं तिसरंच. जो कष्ट घेतो त्याच्या हाती काहीच लागत नाही. अशा व्यवस्थेत तुम्ही अनुदान दुप्पट करा, अधिकारी यंत्र घेईल आणि विसरून जाईल. त्यात त्याचा दोष काढायला मी तयार नाही.

ब्रिटनमध्ये २००४ पासून सॅलिक्स या संस्थेनं सार्वजनिक संस्थांना ऊर्जाबचतीसाठी बिनव्याजी कर्जं दिली. त्यांच्या एका प्रकारात फेडीचा पैसा त्याच संस्थेच्या स्वतंत्र निधीत परत यायचा आणि तिथूनच पुढचं काम व्हायचं. बचत डोळ्यांदेखत आपल्याच कामाला येते म्हटल्यावर माणसं मीटरकडे बघायला लागतात. मला विचाराल तर अनुदानाच्या आधी हा एक नियम बदला: वाचलेल्या पैशाचा ठरलेला हिस्सा पाच वर्षं त्या संस्थेकडेच राहील आणि त्याबद्दल तरतूद कापली जाणार नाही.

पान्हा

खतावणी साहेबांशी शंभर टक्के सहमत. मी चिलर प्लांटवर काम करतो.

दीपस्तंभ, मोजायचं म्हणता, पण मोजणार कोण? बिलावरची युनिट कमी झाली म्हणजे बचत झाली असं नसतं. उन्हाळा सौम्य गेला, एखादा विभाग दुसरीकडे हलला, कामाचे तास बदलले, तरी युनिट कमी होतात. हे सगळं वजा करून खरी बचत काढण्यासाठी आयपीएमव्हीपी ही आंतरराष्ट्रीय पद्धत १९९७ पासून आहे. पद्धत चांगली आहे, पण त्यासाठी सब-मीटर, म्हणजे इमारतीतल्या एकेका भागाचे वेगळे मीटर, लागतात आणि आकडे वाचणारा माणूस लागतो. मोठ्या रुग्णालयाला ते परवडतं. चार खोल्यांच्या कचेरीत मोजणीच बचत खाऊन टाकेल.

एक सोपी गोष्ट मात्र कुठेही करता येते. मध्यरात्रीचा आणि सुट्टीच्या दिवसाचा भार बघा. इमारतीत कुणी नसताना मीटर किती धावतो, त्यावरून जेवढं कळतं तेवढं जाडजूड अहवालातून कळत नाही. आणि योजनांत यंत्राला पैसे असतात, ते चालवणाऱ्याच्या प्रशिक्षणाला नसतात. ठेकेदार नवी नियंत्रण प्रणाली बसवून जातो, पासवर्ड त्याच्याकडेच राहतो. पहिली तक्रार आली की आम्ही ती मॅन्युअलवर टाकतो, कारण लोकांना गार हवा हवी असते आणि आमच्या हातात तेवढंच बटण असतं. दीपस्तंभ, तुमच्या व्हीएफडीचंही हेच होतं.

करदाता

मी सरळ विरोधात आहे. सार्वजनिक संस्थांना प्रोत्साहन द्यायचंच कशाला?

प्रोत्साहन असतं ते ज्याच्यावर हुकूम चालत नाही त्याच्यासाठी. खासगी घरमालकाला घर सुधारायला लावायचं तर आमिष दाखवावं लागतं. सरकारी इमारत सरकारची, आदेश काढणारंही सरकारच. मग एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसे घालायचे आणि मध्ये अर्ज, सल्लागार, छाननी समिती पोसायची, हे कशासाठी? शिवाय वीज कंपन्यांच्या सवलत योजनांचा पैसा बहुतेक वेळा सगळ्या ग्राहकांच्या बिलांतूनच येतो. म्हणजे लहान घरातली व्यक्ती सरकारी कार्यालयाच्या चिलरला हातभार लावते.

युरोपीय संघानं आदेशाचा रस्ता धरला. २०१२ च्या निर्देशात केंद्र सरकारांच्या इमारतींपैकी दरवर्षी ३ टक्के क्षेत्रफळाचं नूतनीकरण बंधनकारक केलं. २०२३ मध्ये ही अट सर्व सार्वजनिक संस्थांच्या २५० चौरस मीटरपेक्षा मोठ्या इमारतींना लावली आणि सार्वजनिक क्षेत्राचा एकूण ऊर्जावापर २०२१ च्या तुलनेत वर्षाला १.९ टक्के कमी करायला सांगितलं.

सवलती तर येतात आणि जातात. अमेरिकेत सरकारी संस्था प्राप्तिकर भरत नाहीत, म्हणून ऊर्जाबचतीच्या करसवलतीचा त्यांना थेट उपयोग नव्हता. २००५ च्या कायद्यानं वाट काढली: सरकारी इमारतीची करवजावट तिच्या रचनाकाराला देता यावी. २०२२ च्या कायद्यानं ती वजावट वाढवली. २०२५ च्या कायद्यानं ३० जून २०२६ नंतर सुरू होणाऱ्या बांधकामांसाठी ती बंदच केली. इमारत पन्नास वर्षं उभी राहते, तिचं नियोजन अशा येत्या-जात्या योजनेवर टाकायचं?

खडूफळा

करदाता, आदेश काढायला सहीच लागते, भिंतींना उष्णतारोधक थर लावायला पैसे लागतात. पैशाविना आदेश आला की संस्था काय करते ते मी पाहिलं आहे. पुस्तकांचा निधी वळवते, नाहीतर दारावर फलक लावून अहवाल पाठवते. युरोपातही ३ टक्क्यांची अट नुसत्या हुकमावर पुरी होत नाही, तिच्यामागे अनुदानं आणि कर्जं उभी करावी लागतातच.

आणि "एका खिशातून दुसऱ्या खिशात" हे खरं नाही. केंद्राचा खिसा आणि गावच्या शाळेचा खिसा एकच नसतो. दोन्ही खिसे सरकारचे असले तरी एक भरलेला असतो आणि दुसरा फाटका.

दीपस्तंभ

खडूफळा ताई, तुमचा मुद्दा वजनदार आहे, पण त्याचं उत्तर मोजणीतच आहे. दिवे बंद होते, पंखे बंद होते, ही नोंद कामाआधीच करायची आणि 'सगळं नियमाप्रमाणे चालू असतं तर किती वीज लागली असती' ही आधारपातळी धरायची. मोजणीच्या पद्धतीत अशी दुरुस्ती मान्य आहे. मोजणीच नको म्हटलं, तर तुमच्या शाळेला खरोखर किती मिळायला हवं हेही कधी सिद्ध होणार नाही.

पान्हा, लहान इमारतींबद्दल: बर्लिननं १९९६ पासून इमारतींचे गट करून कंत्राटं दिली. कंपनीनं स्वतः पैसा घालायचा, ठरावीक बचतीची हमी द्यायची, आणि हमी पाळली नाही तर तूट तिची. गटात मोठी बचत देणाऱ्या इमारतींबरोबर कमी देणाऱ्याही असतात, म्हणून शाळा मागे पडत नाहीत. अशा गटांतून हजाराहून अधिक इमारती झाल्या. मोजणीचा खर्चही गटावर विभागला जातो.

खतावणी

बर्लिनचं उदाहरण चांगलं, पण त्यातली एक मेख सांगतो. कंपनी वर्षानुवर्षं बचतीतून पैसे घेणार, म्हणजे ती उधारीच. युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयानं, युरोस्टॅटनं, २०१७ मध्ये स्पष्ट केलं की जोखीम आणि लाभ प्रामुख्यानं कंपनीचे असतील तर ते काम सरकारी कर्जात धरायचं नाही. पण भांडवली खर्चाचा मोठा भाग सरकारनंच दिला असेल तर ते सरकारच्याच ताळेबंदात येतं. म्हणजे अनुदान जास्त दिलं की तोच रस्ता अडतो. अनुदान आणि हमीचं कंत्राट एकत्र करताना हे प्रमाण जपावं लागतं, आणि याचा विचार योजना लिहिणारे फार कमी वेळा करतात.

दुसरी काळजी आधारवर्षाची. दहा-पंधरा वर्षांचं कंत्राट, आधारपातळी ठरवणार कंपनीचाच सल्लागार, आणि संस्थेत तो आकडा तपासू शकणारा कुणी नाही. आधारपातळी थोडी फुगवली की हमी आपोआप पुरी होते. तपासणारा तिसरा, स्वतंत्र असावा आणि त्याचे पैसे निधीतून जावेत.

पान्हा

मुदतीबद्दल कुणीच बोललं नाही. ब्रिटननं २०२० मध्ये सार्वजनिक इमारतींसाठी १ अब्ज पौंडांची योजना आणली. पहिल्या फेरीत अर्ज आणि काम दोन्हींना इतका थोडा वेळ होता की नंतर मुदती वाढवाव्या लागल्या. हीट पंप काही दुकानातून उचलून आणता येत नाही. भिंतीतून उष्णता किती जाते, रेडिएटर पुरतील का, विजेचा मंजूर भार वाढवावा लागेल का, हे बघण्यातच महिने जातात. घाई केली की जेवढं पटकन बसेल तेवढंच बसवलं जातं: दिवे, दिवे आणि दिवे. ते लवकर वसूल होतात. पण दिवे आधी उरकून घेतले की भिंती आणि खिडक्यांच्या कामाला तारायला मागे काही उरत नाही, कारण तो खर्च दिव्यांच्या बचतीच्या आधारानंच निघणार होता. तीन वर्षं आधी जाहीर केलेली छोटी रक्कम मला चालेल, तीन महिन्यांत खर्च करायची मोठी नको.

करदाता

म्हणजे अनुदान हवं, मुदत लांब हवी, मोजणारा वेगळा हवा, प्रशिक्षणाला पैसे वेगळे. प्रत्येक अटीमागे एक कार्यालय उभं राहतंय, आणि त्या कार्यालयांतही दिवे जळणारच. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सनं १८६५ मध्येच दाखवलं होतं की इंजिनं कार्यक्षम झाली म्हणून कोळसा कमी जळेल हा भरवसा चुकीचा आहे. तुम्ही हवा स्वस्तात गार करून द्याल, आणखी चार दालनं गार केली जातील. म्हणून मी एकूण वापरावर मर्यादा मागतो. संस्थेला वर्षाला इतकी युनिट, त्यात कसं बसायचं ते तिनं ठरवावं.

खडूफळा

आणि रुग्णालयात खाटा वाढल्या तर? शाळेत पट वाढला तर? मर्यादा घालायचीच तर दर रुग्णामागे, दर विद्यार्थ्यामागे घाला, मग आपण बोलू.

दीपस्तंभ, तुमच्या ४० टक्क्यांबद्दल माझी एकच मागणी आहे. पैसे मागे ठेवायचेच असतील तर ते ठेकेदाराचे ठेवा, संस्थेचे नकोत. संस्थेला पूर्ण अनुदान आधी मिळावं, आणि यंत्र सांगितल्याप्रमाणे चालतंय हे दोन उन्हाळे, दोन हिवाळे दिसेपर्यंत ठेकेदाराचं शेवटचं देयक अडवून धरावं.

दीपस्तंभ

ताई, ठेकेदार ती जोखीम निविदेच्या दरात आधीच चढवेल, म्हणजे ती शेवटी अनुदानातूनच जाईल. तरीही तुमच्या सूचनेतला अर्धा भाग मी घेतो: ज्या संस्थांकडे राखीव निधी नाही, त्यांना पूर्ण रक्कम आधी आणि अडवणूक ठेकेदाराची. मोठ्या रुग्णालयांना आणि मंत्रालयांना मात्र माझा मूळ नियमच लागू हवा. त्यांच्याकडे मीटर आहेत, अभियंते आहेत, पैसाही आहे.

पान्हा

ठेकेदाराचं देयक अडवणार असाल तर अटींत एक ओळ माझ्याकडून घाला: नियंत्रण प्रणालीचा पासवर्ड आणि मराठीत लिहिलेली चालवण्याची पुस्तिका प्लांटवरच्या माणसाच्या हातात दिल्याशिवाय काम पूर्ण झाल्याचा दाखला द्यायचा नाही.