विषय: शाळकरी मुलांसाठी शनिवार-रविवारचा शिधा

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे यंदा दिवाळीनिमित्त एक सामाजिक उपक्रम करायचा आहे. आपल्या भागातल्या शाळांमधून काही मुलांना फूड बँकेतर्फे (गरजूंना मोफत अन्न पुरवणाऱ्या संस्थेतर्फे) दर शुक्रवारी खाण्याची पिशवी मिळते, हे बऱ्याच जणांना ठाऊक असेल. प्रत्येक कुटुंबाने दिवाळीच्या कार्यक्रमाला येताना घरातले डबे-पाकिटं आणि जमल्यास थोडा घरचा फराळ आणावा. नंतर मंडळाचा बॅनर घेऊन आपण शाळेत जाऊ आणि मुलांच्या हातात पिशव्या देऊ, अशी कल्पना आहे. फोटो स्मरणिकेत छापता येतील. सूचना जरूर कळवा.

प्रेषक: गुरुवारी पिशव्या भरणारी एक सभासद

सचिवसाहेब,

उपक्रम हवाच, पण असा नको. मी फूड बँकेच्या गोदामात बरीच वर्षं गुरुवारी पिशव्या भरायला जाते. मेल लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आठवड्याची जेवणं २१. शाळेत नाश्ता आणि दुपारचं जेवण मिळणाऱ्या मुलाची त्यातली १० शाळेत होतात. शुक्रवारी दुपारचं जेवण झालं की पुढची खात्रीची थाळी सोमवारी सकाळी. मधली भूक भागवायला ही पिशवी असते. या पद्धतीची सुरुवात १९९० च्या दशकात आर्कान्सातल्या लिटल रॉकमध्ये झाली. तिथल्या एका शाळेत मुलं पोटदुखी, चक्कर अशा तक्रारी घेऊन नर्सकडे येत. दुखणं भुकेचं आहे हे तिच्या लक्षात आलं आणि तिने तिथल्या अन्नवाटप संस्थेकडे मदत मागितली. आता देशभरातल्या फूड बँका हे काम करतात.

कुठलं मूल पिशवी नेतं हे आम्हाला कधीच कळत नाही, कळूही नये. आम्हाला फक्त आकडा येतो: अमुक शाळा, इतक्या पिशव्या. नावं शाळेच्या काऊन्सिलरकडे, म्हणजे समुपदेशकाकडे. वर्ग जिमला किंवा मैदानावर गेला की पिशवी गुपचूप मुलाच्या दप्तरात जाते. इतकी काळजी ज्या गोष्टीसाठी घेतात, तिथे आपण बॅनर घेऊन उभं राहायचं? चौथीतल्या पोराला त्याच्या मित्रांसमोर पिशवी द्यायची आणि वर फोटो काढायचा? ते पोर पुढच्या शुक्रवारी पिशवी घेणार नाही, उपाशी राहील. शाळाही परवानगी देणार नाही. मुलांची माहिती गुप्त ठेवण्याचा केंद्रीय कायदा १९७४ पासून आहे.

आता फराळ. माझ्या चकल्यांची मलाही घमेंड आहे, पण फूड बँक घरी केलेला पदार्थ घेत नाही. घटकांची छापील यादी नाही, तारीख नाही, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या हाती काय पडेल याचा नेम नाही. घरातले डबेही नकोत. दरवेळी कपाटाच्या मागून निघालेला, मुदत उलटलेला टोमॅटो पेस्टचा डबा येतोच, आणि असा माल वेगळा काढण्यात आमची अर्धी संध्याकाळ जाते.

पिशवी कोण उघडणार, त्यावरून आत काय घालायचं ते ठरतं. शनिवारी आई-बाबा कामावर, घरी आठ वर्षांची मुलगी आणि धाकटा भाऊ, असं समजा. डबा उघडायला ओपनर लागला तर तो डबा फुकट. म्हणून झाकणाला ओढायची रिंग हवी. काचेची बरणी नको. फ्रिजबाहेर टिकणाऱ्या दुधाची छोटी खोकी, गरम पाण्यात होणारे ओट्स, मायक्रोवेव्हमध्ये होणारं मॅक अँड चीज, फळांचे कप, रॅव्हिओली (सारण भरलेला पास्ता), मनुका. दोन नाश्ते, दोन दुपारची जेवणं, दोन रात्रीची. आणि हे सगळं पहिलीतलं पोर पाठीवर घेऊन बसमध्ये चढणार, म्हणजे वजनही बघावं लागतं. कुणीतरी उत्साहाने तांदळाची दहा पौंडी थैली आणतं तेव्हा काय बोलावं कळत नाही.

दिवाळीला एकदा ढीगभर देण्यापेक्षा महिन्यातला एक गुरुवार वर्षभर सांभाळा. सप्टेंबरमध्ये हात खूप असतात, फेब्रुवारीत मोजके. पोट फेब्रुवारीतही असतं.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

ताई, पटलं. पण एक शंका. आमच्या घरी मांसाहारी डब्यांना हात लावत नाहीत, आणि आपल्यात अशी बरीच मंडळी आहेत. मग आम्ही काय करायचं?

(याच मेलमध्ये विचारतो, दिवाळीच्या तिकिटांची पावती अजून आलेली नाही.)

प्रेषक: गुरुवारी पिशव्या भरणारी एक सभासद

काका, टेबलं वाटून घेता येतात. तुम्ही ओट्सच्या नाहीतर फळांच्या टेबलावर उभे राहा, कुणी काही म्हणत नाही. पण पिशवीतून मांस काढा, असं आपण सुचवायचं नाही. ते मूल जे खातं तेच त्याला मिळायला हवं. मांस न खाणारी, डुकराचं मांस न खाणारी घरंही असतात. काऊन्सिलर तसं कळवतात आणि आम्ही त्या पिशव्या राजमा, चणे घालून वेगळ्या भरतो. मंडळाला त्या पिशव्यांचा खर्च उचलायचा असेल तर फारच छान.

प्रेषक: खजिनदार

पैशाचं बोलतो. मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था आहे, फूड बँकही आहे, त्यामुळे देणगी द्यायला अडचण नाही. सभासदांनी थेट फूड बँकेला दिली तर जास्त बरं: कंपनीचं मॅचिंग (तुमच्या देणगीला कंपनीने घातलेली जोड) सहज मिळतं, आणि बऱ्याच कंपन्या स्वयंसेवेच्या तासांवरही पैसे देतात. ते पैसे आपण सगळेच वाया घालवतो. २५० डॉलर किंवा त्याहून जास्त दिलेत तर लेखी पोच जपून ठेवा, करात वजावट मागताना लागते.

बैठकीत एका सभासदाने विचारलेला प्रश्न इथे मांडतो, कारण तो अनेकांच्या मनात असेल: शाळेत जेवण मोफत, वर सरकारचं स्नॅप (किराण्यासाठीची मदत). मग हे आणखी कशाला?

प्रेषक: शाळेत काम करणारी एक सभासद

याचं उत्तर मी देते, रोज बघते म्हणून.

चौघांच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २०२५-२६ च्या शालेय वर्षात ४१,७९५ डॉलरपर्यंत असेल तर जेवण मोफत. ५९,४७८ पर्यंत असेल तर सवलतीत, म्हणजे दुपारच्या जेवणाला जास्तीत जास्त ४० सेंट. त्याच्यावर गेलात की पूर्ण दर. कॅलिफोर्निया, मेन, मिनेसोटा अशा काही राज्यांनी सगळ्याच मुलांना मोफत केलंय, बाकी बऱ्याच ठिकाणी हीच रेघ. साठ हजारांत घरभाडं, गाडी, पाळणाघर बसवून दाखवा. आणि स्नॅपचे पैसे महिन्यातून एकदा कार्डावर येतात. शेवटच्या आठवड्यात कित्येक घरी खडखडाट असतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मोजणीत २०२३ मध्ये अन्नाची शाश्वती नसलेल्या घरांत १ कोटी ३८ लाख मुलं होती. ही सगळी आपल्या गावापासून लांब राहतात असं समजू नका.

शिक्षकांना ती ओळखू येतात. शुक्रवारी जेवणातलं सफरचंद खिशात घालणारी, सोमवारी नाश्त्याच्या रांगेत सगळ्यात पुढे असणारी. लांबलेल्या सुट्टीआधी चिडचिडी होणारी. बर्फामुळे शुक्रवारी शाळा बंद होणार असं दिसलं की आमची पहिली धावपळ असते ती पिशव्या गुरुवारीच वाटण्याची.

आणि हो, पिशवी एका मुलाच्या हिशोबाची असली तरी घरी धाकटी भावंडं असतात. ती भागीदार होतातच. जमलं तर भावंडांसाठी जास्तीच्या पिशव्यांचं बघा.

प्रेषक: सचिव

एका सभासदाने नाव न देता पुढचा प्रश्न यादीवर टाकायला सांगितला आहे:

"एच-१बी वर (नोकरीच्या व्हिसावर) आहे, नोकरी गेली, नवी नोकरी शोधायची नाहीतर देश सोडायचा यासाठीची ६० दिवसांची मुदत चालू आहे. मुलीच्या शाळेतून पिशवीबद्दल पत्र आलं. घेतली तर पुढे व्हिसाला, ग्रीन कार्डाला त्रास होईल का? शिवाय आपल्यापेक्षा जास्त गरज असलेल्याची एक पिशवी कमी होईल असंही वाटतं."

प्रेषक: शाळेत काम करणारी एक सभासद

ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी:

ही पिशवी सरकारी योजना नाही, स्वयंसेवी संस्थेची देणगी आहे. व्हिसा कुठला हे कोणी विचारत नाही. आमच्या शाळेत पालकांची एक सही घेतो, तीसुद्धा मुख्यतः ॲलर्जीसाठी. शाळेतल्या मोफत जेवणाच्या अर्जातही इमिग्रेशनचा प्रश्न नसतो. सही करणाऱ्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर तशी खूण करायची सोय असते. तोही अर्ज आजच भरा, उत्पन्न बदललं की वर्षात केव्हाही भरता येतो. ग्रीन कार्डाच्या बाकी शंका वकिलालाच विचारा, मेलिंग लिस्टवर नको.

आणि कुणाची पिशवी कमी होत नाही. मागणी वाढली की आम्ही आकडा वाढवून कळवतो आणि तितक्या येतात. घ्या.

प्रेषक: गुरुवारी पिशव्या भरणारी एक सभासद

दुजोरा. आकडा वाढला तर आम्ही जास्त वेळ थांबू, एवढंच.

प्रेषक: सचिव

मंडळी, बॅनर आणि फोटो रद्द. फराळ आपण आपला खाऊ. दिवाळीच्या कार्यक्रमात दारापाशी फूड बँकेच्या देणगीचा क्यूआर कोड असेल. दर महिन्याचा दुसरा गुरुवार मंडळाचा, वर्षभर. नावनोंदणीची शीट सोबत जोडली आहे. डिसेंबरचा रकाना आधी भरा. हिवाळ्याच्या सुट्टीत शाळा दोन आठवडे बंद, त्यामुळे तेव्हा पिशव्यांऐवजी मोठी खोकी भरायची आहेत आणि ती पालक येऊन नेतात. उचलायला तरुण मंडळी हवीत. फेब्रुवारीत अजून एकही नाव नाही.

दहावीच्या पुढच्या मुलांना सोबत आणलंत तर त्यांचे सेवेचे तास मोजले जातील. त्याहून लहानांना गोदामात सोडत नाहीत.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

फेब्रुवारीत माझं आणि सौ.चं नाव टाकलं आहे. ओट्सचं टेबल. गाडी कुठे लावायची? आणि पावती अजूनही आलेली नाही.

प्रेषक: गुरुवारी पिशव्या भरणारी एक सभासद

इमारतीच्या मागे, काका. ट्रक लागतो ती जागा सोडून कुठेही. आत थंडी असते, स्वेटर काढू नका.

प्रेषक: खजिनदार

पावती स्पॅम फोल्डरमध्ये बघा.