मदत हवी आहे: ऑफर लेटरच्या आधीच एचआरचा नंबर मागतायत

वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्यूसीत (औषधांच्या गुणवत्ता तपासणीत) आहे, सहा वर्षं झाली. नोकरी डॉट कॉमवर आमच्या कंपनीला ब्लॉक करून ठेवलंय, पण गोवा तो केवढासा! कुंडईला इंटरव्ह्यू देऊन बाहेर पडले, तर गेटवरच आमच्या सुपरवायझरचा मेहुणा. "कितें गो, तूं हांगा?" मंगेशीला आले होते, असं ठोकून दिलं. (रजा आजारपणाची टाकलेली.)

आता नवी कंपनी ऑफर लेटरच्या आधीच सध्याच्या एचआरचा नंबर मागतेय. दिला आणि तिथलं फिसकटलं, तर दोन्हीकडून गेले! शिवाय माझा नोटीस पीरियड दोन महिन्यांचा, त्यांना महिन्याभरात माणूस हवाय. आमच्याकडून सोडून गेलेल्या जुन्या साहेबांचा रेफरन्स चालेल का? कुणी असं निभावलंय?