अर्जेंटिना जिंकली म्हणून नागपुरात रडायचं? खरं प्रेम की उसनं?

महालचा_दहा_नंबर
काल ऑफिसात चहाच्या टपरीवर एकाने विचारलं, "तुझा अर्जेंटिनाशी संबंध काय? ते लोक तुला ओळखतात का?" तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

१८ डिसेंबर २०२२. फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. महालात मामाच्या गच्चीवर चुना मारलेल्या भिंतीवर प्रोजेक्टर लावला होता. नागपूरची डिसेंबरची थंडी, अठरा-वीस जण चादरी पांघरून बसलेले. ३६व्या मिनिटाला डी मारियाने २-० केलं तेव्हा मामीने खाली जाऊन चहा टाकला. ८०व्या मिनिटापर्यंत आम्ही निवांत होतो. मग फ्रान्सच्या एम्बापेने ९७ सेकंदांत दोन गोल मारले आणि गच्चीवर कोणी कोणाकडे बघेना.

१०८व्या मिनिटाला मेस्सीने पुन्हा पुढे नेलं, ११८व्याला एम्बापेने पुन्हा बरोबरी केली. अगदी शेवटी फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा आमच्या गोलकीपरसमोर आला. मार्टिनेझने डावा पाय लांब केला, बॉल पायाला लागून दूर गेला. आमचं स्ट्रीमिंग मागे होतं, त्यामुळे शेजारच्या वाड्यातून आधीच किंकाळी आली. ती आनंदाची की दुःखाची, हे कळेपर्यंतचे ते काही सेकंद मी अजून विसरलो नाही. पेनल्टीवर ४-२ जिंकलो. मामा, पंचावन्न वर्षांचा माणूस, पाण्याच्या टाकीला टेकून रडत होता. हे उसनं कसं म्हणता?

वर्धा_रोड
दादा, तुमचं रडणं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण "जिंकलो" हा शब्द मला खटकतो. जिंकले ते.

जून २०१८ मध्ये मुंबईत भारताची मॅच होती, चायनीज तैपेईशी, म्हणजे तैवानशी. भारत ५-० जिंकला. कॅप्टन सुनील छेत्रीने तीन गोल मारले. स्टेडियममध्ये माणसं किती? २,५६९. कॅप्टनने हात जोडून व्हिडिओ टाकला, शिव्या द्या पण मैदानावर या म्हणाला, तेव्हा कुठे केनियाविरुद्धची पुढची मॅच हाऊसफुल्ल झाली. आपल्या कॅप्टनला प्रेक्षक मागावे लागले आणि आपण दुसऱ्यांसाठी रात्र जागवतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

कामठीचा_लेफ्ट_विंग
भाऊ, मुंबई राहू द्या, कामठीले तरी या ना. नागपूरपासून किती दूर हाय? आमचं छावणीचं गाव, १८२१ पासूनचं. फुटबॉल इथं घराघरात हाय. रब्बानी क्लबचं नाव ऐकलं असन. मॅच असली का दुपारपासून पोट्टे कंपाउंडच्या भिंतीवर चढून बसते. मातीत बॉल आपटल्याचा आवाज कानाले ऐकू येते. टीव्हीवर तो आवाज येत नाही. विंगर तुमच्या पुढून पळते तवा त्याचा श्वास ऐकू येते. मले सांगा, मेस्सीचा श्वास कोणी ऐकला?

नारंगी_जर्सी
मी वर्धा रोडवाल्यांशी सहमत नाही. लोक फक्त जिंकणाऱ्यांच्या मागे धावतात, असा तुमच्या बोलण्याचा रोख दिसतो. माझे बाबा हॉलंडचे. म्हणजे राहणार धरमपेठेचे, पण टीम हॉलंड. हॉलंड तीन वेळा फायनलला गेलं, १९७४, १९७८ आणि २०१०, आणि तिन्ही वेळा हरलं. २०१०ची मी बाबांसोबत पाहिली. आपल्याकडे रात्री बाराला सुरू झाली. दुसऱ्या हाफमध्ये रॉबेन एकटा सुटला, समोर फक्त स्पेनचा गोलकीपर कासियास. बाबा खुर्चीतून अर्धे उठले. बॉल कासियासच्या पायाला लागून बाहेर गेला आणि बाबा तसेच, अर्धे उठलेले, कितीतरी वेळ उभे. ११६व्या मिनिटाला स्पेनच्या इनिएस्टाने गोल मारला. सकाळी ते न बोलता कामाला गेले.

बक्षीस नाही, देश आपला नाही, कोणी शाबासकी देणार नाही, तरी माणूस तिथेच थांबतो. याहून खरं काय असतं? (आणि दहा नंबर, २०२२च्या क्वार्टर फायनलमध्ये तुमच्या टीमने आम्हालाच पेनल्टीवर हरवलं, ते मी विसरलेले नाही.)

वर्धा_रोड
ताई, तुमच्या बाबांबद्दल आदर आहे. पण एक सांगा. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात सिंगापूरने आपल्याला २-१ हरवलं आणि २०२७च्या आशिया कपची वाट बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशाकडून ०-१. त्या रात्री नागपुरात कोणी खुर्चीतून अर्धं उठलं होतं का? ज्या टीमने १९५१ आणि १९६२ ला एशियाडचं सुवर्ण आणलं, तिच्या हरण्याचं कोणाला काही वाटत नाही, हे मला हरण्यापेक्षा जास्त लागतं. मी ढाक्याची मॅच एकट्याने पाहिली. कोणाला फोन करून चिडावं, असा माणूस नव्हता.

महालचा_दहा_नंबर
तुमचं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. मीही ती मॅच पाहिली नव्हती, हे कबूल.

पण प्रेम आधी गल्लीतून येतं, नकाशावरून नाही. मला मामाने अर्जेंटिना दिली, ताईंना बाबांनी हॉलंड दिलं. भारताची टीम मला कोणीच दिली नाही. आमच्या घरात तिच्या मॅचला कधी चहा टाकला गेला नाही. यात दोष आमचा असेल, पण त्यासाठी मामाचं रडणं कमी दर्जाचं ठरवू नका. याच शहरात विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतली पोरं घेऊन फुटबॉल सुरू केला. त्या पोरांनाही कोणीतरी बॉल हातात दिला, म्हणून ती खेळली.

भारताची पुढची मॅच असेल तेव्हा गच्चीवर या, वर्धा रोड. प्रोजेक्टर लावतो.

वर्धा_रोड
येईन. पण माझं मत बदललेलं नाही.

कामठीचा_लेफ्ट_विंग
प्रोजेक्टर नंतर लावा, आधी ग्राउंडवर या. चारच्या आत या आन पश्चिमेच्या अंगाले बसा, म्हणजे तोंडावर ऊन येत नाही.

महालचा_दहा_नंबर
येतो भाऊ. पण अर्जेंटिनाची जर्सी घालून येईन.

कामठीचा_लेफ्ट_विंग
घाला ना. आमचे अर्धे पोट्टे ब्राझीलची घालूनच खेळते.