व्हायोलिनची मैफल आणि विद्यापीठातली नोकरी, दोन्ही जमतं का?

सांगलीकर_आई
नमस्कार मंडळी. माझी मुलगी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, लहानपणापासून व्हायोलिन वाजवते, गंधर्व महाविद्यालयाची विशारद झालीय. आता तिचं म्हणणं की संगीतात एमए करायचं, मग पीएचडी, आणि कुठल्यातरी विद्यापीठात शिकवायचं, पण कार्यक्रम सोडायचे नाहीत. तिचे गुरुजी म्हणतात नोकरी धरलीस की हात जातो, आणि घरचे म्हणतात नुसत्या कार्यक्रमांवर पोट भरत नाही, म्हणजे दोन्हीकडून पोरीला नाहीच ऐकायला मिळतंय. असं दोन्ही नीट केलेलं कुणी आहे का? आणि नोकरी मिळायला नेमकं काय लागतं?

गज_आणि_तार
ताई, आहे की! व्हायोलिनवादक डॉ. एन. राजम. जन्म १९३८, दाक्षिणात्य घर, वडील ए. नारायण अय्यर यांनीच हातात व्हायोलिन दिलं, भाऊ टी. एन. कृष्णन म्हणजे कर्नाटक व्हायोलिनमधलं केवढं मोठं नाव. राजमबाईंचंही सगळं शिक्षण आधी कर्नाटक पद्धतीचं, मग हिंदुस्थानी गायक ओंकारनाथ ठाकुरांकडे गाणं शिकल्या आणि तिथून वादनच बदललं. ठाकूर गाणारे, त्यांच्याकडे व्हायोलिन शिकायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे गळ्यातून जे येतं ते बोटातून कसं काढायचं हे बाईंनी स्वतः शोधलं. बोट न उचलता तारेवरून घसरवत नेणं, लांब मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड जाणं) एका गजात पूर्ण करणं, म्हणूनच त्यांचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल ऐकताना शब्द ऐकू येतात असं वाटतं. हे सगळं चालू असताना बनारस हिंदू विद्यापीठात जवळपास ४० वर्षं नोकरी! विभागप्रमुख झाल्या, संगीत विद्याशाखेच्या डीन झाल्या, आणि याच काळात देशात परदेशात मैफली. १९८४ ला पद्मश्री मिळाली तेव्हा त्या शिकवतच होत्या, पद्मभूषण २००४ चं. मुलगी संगीता शंकर, नाती रागिणी आणि नंदिनी, भाची कला रामनाथ, सगळ्या त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या. मग हात गेला कुठे?

आणि तुम्ही सांगलीच्या म्हणून सांगते, ओंकारनाथांचे गुरू विष्णु दिगंबर पलुस्कर, त्यांचा जन्म कुरुंदवाडचा आणि गाणं शिकले मिरजेत गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. १९५० मध्ये बनारसला संगीताचं महाविद्यालय सुरू झालं त्याचे पहिले प्राचार्य ओंकारनाथच. म्हणजे ही परंपरा तुमच्या दारातूनच तिकडे गेलीय, मुलीला जरूर सांगा.

तासिकावाला
वरचं सगळं खरं, पण तो काळ वेगळा होता हेही ताईंना कळायला हवं. मी संगीत विभागात तासिका तत्त्वावर शिकवतो म्हणून सांगतो. आज असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर एमएला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, नाहीतर नियमात बसणारी पीएचडी. कलाकारांसाठी मात्र यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत वेगळी वाट आहे जी फार जणांना माहीतच नसते, नामवंत गुरूकडे शिक्षण, आकाशवाणी किंवा दूरदर्शनची ए ग्रेड (कलाकाराला ऑडिशनवरून मिळणारी श्रेणी), पदवी, आणि विषय तर्काने समजावून सांगता येणं व थिअरी उदाहरणांसकट शिकवता येणं, एवढं असेल तर त्या वाटेनेही अर्ज करता येतो. पण कायमच्या जागा निघतात कधी हा खरा प्रश्न आहे, आणि निघाल्या तरी त्यात गायनाच्या जास्त, व्हायोलिनची खास जागा माझ्या पाहण्यात क्वचित. तोपर्यंत तासावर पैसे, सुट्टीत शून्य. हे माहीत असूनच मुलीने यात यावं. यावंच असं मला मनापासून वाटतं, कारण वाजवणारा माणूस शिकवायला उभा राहतो तेव्हा पोरांचे कान उघडतात, नुसती पुस्तकी थिअरी सांगून नाही उघडत.

विलंबित_एकताल
गुरुजींचं म्हणणं अगदीच मोडीत काढू नका. हात नोकरीने जात नाही, पहाटेचा रियाज बंद झाला की जातो. विद्यापीठात पेपर तपासणी, परीक्षा, मीटिंगा यात दिवस निघून जातो आणि संध्याकाळी वाद्य काढायची ताकदच उरत नाही. शिवाय वर्गात अर्ध्या तासात चार जणांना राग दाखवून कुणी मैफलीचा कलाकार होत नाही, राजमबाईंना पण ते घरच्या आणि गुरूंच्या तालमीने मिळालं, पदवीने नाही. म्हणून एमए करताना गुरुजींकडचं शिक्षण एक दिवससुद्धा सुटू देऊ नका.

आपल्याकडचे व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग बघा, मुंबईत जन्मलेले, लखनौला संगीतज्ञ श्री. ना. रातंजनकरांकडे शिकले, तिथेच शिकवलं, पुढे आकाशवाणीत नोकरी केली आणि बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबरच्या जुगलबंद्या जगभर गाजल्या. नोकरी संगीतातलीच असली की दिवसभर कानावर सूर असतात, बँकेत बसून ते होत नाही.

सांगलीकर_आई
खूप खूप आभार सगळ्यांचे, तिला हे सगळं वाचून दाखवलं, राजमबाईंचा विलंबित तेव्हापासून घरात सारखा चालू आहे. ए ग्रेडचं कळलं पण सुरुवात कुठून करायची? आणि एमए कोल्हापूरला की पुण्याला?

तासिकावाला
ताई, आकाशवाणीचं केंद्र सांगलीतच आहे, तिथे ऑडिशनचा फॉर्म कधी निघतो ते विचारा. आधी बी ग्रेड, मग बी हाय, मग ए, आणि वर टॉप, मधे वर्षं जातात म्हणून आत्ताच अर्ज करा. एमएसाठी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा विभाग आहे, तो जवळ पडेल आणि गुरुजीही सुटणार नाहीत. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र गुरुकुल पद्धतीचं आहे, तिथे मुलीला वर्गाबाहेरचंही शिक्षण मिळेल, पण व्हायोलिनला सध्या कोण शिकवतं हे आधी जाऊन भेटून, त्यांचं वाजवणं ऐकून मगच प्रवेश घ्या. अर्ज भरायच्या वेळी काही अडलं तर इथेच विचारा, कागदपत्रांची यादी मी देतो.